भांगलणारी बाई

चौऱ्याहत्तर साली आष्ट्याच्या एस.टी.साठी रांगेत माझ्यापुढं दोघं बोलत होते.

"कृष्णात, वाचनालयात, मागं आपल्या गावात ऱ्हायलेल्या त्या चित्रकाराच्या चित्रांच्या जुन्या वह्या मांडल्यात. बघितल्यास?"

"बघितल्या. एका पानावर आमची आई हाय. तरणेपणी खुरप्यानं ऊस भांगलताना काढल्याली. लुगडं पार फाटकं."

"मग सांगितलंस का न्हाई तितं?"

"आमच्या कारखान्याचं सायेब शेजारी हुतं. ग्रंथपालानं इचारलं, चित्राखाली नाव लिवायचंय, हिला कुणी वळखतं का? मी गप ऱ्हायलो."

"आरं, आई की ती! आन् घरी काय सांगितलंस?"

"आईनंच इचारलं, माझं चित्र लावलंय का? न्हाई म्हणालो."

"मग?"

"म्हणाली, लुगडं फाटकं हुतं माझं, म्हणून लावलं नसंल."