वरचे सहा दात

— आणि आता बोलू नको, माप हलेल. नाकानं श्वास घे, हळू. हां, अशी. वरचा साचा आहे, पाच मिनिटं धरायचा, रबर घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतोच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच — पेशंटचं तोंड बंद आणि डॉक्टरची टकळी सुरू. जुनी सवय आहे माझी, बाहेर बसणाऱ्या आमच्या मदतनीस ताई हसतात त्याला. उबळ आली तर डावा हात वर कर. आली नाही ना? बघ. येते गं लोकांना. परवा दाराएवढा एक माणूस होता, साचा टाळूला टेकला मात्र, खुर्चीतून अर्धा उठला बिचारा. तुला काहीच नाही. साचा आत गेला आणि तू आपली छताकडे बघतेयस. मला ते लगेच दिसलं, पण म्हटलं, थांबू जरा.

छतात काही नाही, फळीवर बघ हवं तर. प्लास्टरची मॉडेलं आहेत ती, पेशंटच्या दातांची, टाकून द्यायची राहिलीत. ते पिवळं पडलेलं? ते कुणाचं नाही. म्हणजे असेल कुणाचं तरी, जुनं आहे. तर तुझी आई काय म्हणाली मघाशी — लिंबूपाणी. उठल्यापासून लिंबूपाणी पिते, त्यानं दात गेले, पुढच्या महिन्यात नोकरीची मुलाखत आहे, वरच्या सहाला कॅप बसवून द्या. बावीस वर्षांची तू, आई सांगत होती आणि तू मान हलवत होतीस. मीही हलवली. लिंबानं झिजतात दात, खोटं नाही ते. पण लिंबानं झिजले की पुढून झिजतात गं. तुझे मागून झिजलेत, टाळूच्या बाजूनं, सहाच्या सहा, गुळगुळीत. खालचे ठणठणीत आहेत — कारण त्या वेळी जीभ पुढे येते, त्यांना झाकते. कुठल्या वेळी ते मी म्हणत नाही. तूही म्हणू नको, साचा आहे. आणि हात आता कशाला लपवतेस? बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे तू सही करत होतीस तेव्हाच पाहिले मी. दात लागून होतात ते. झालं की लगेच खसाखसा ब्रश करतेस ना? करू नको. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालायचा, नुसती चूळ भरायची, ब्रश तासाभरानं. तुला कुणी सांगितलं नसेल. सांगणार कोण — कुणाला माहीत असेल तर ना.

थांब, काढते. चूळ भर, थुंक. नाही नाही, बोलू नको, खालचंही घ्यायचंय. आ कर. मोठा. जीभ वर, आता सोड. झालं. आणखी पाच मिनिटं.

परत तिकडेच बघतेयस. बरं. ते पिवळं माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. तिचे असेच होते, वरचे सहा, मागून. बँकेत काउंटरला लागणार होती, आणि हसताना तोंडावर हात ठेवायची. मी नवी नवी डॉक्टर — हाताला मोठी सफाई आहे हिच्या, असं सगळे म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं. मी तिला विचारलं, लिंबू? ती म्हणाली, लिंबू. दोन बैठकांत सहा कॅप बसवल्या. तशा कॅप मी नंतर कधी केल्या नाहीत, आईलासुद्धा सांगता येईना खरे कुठले आणि माझे कुठले. धाकटीनं हात खाली घेतला. हसली. सगळ्यांनी फोटो काढले. आणि त्यानंतर सात वर्षं तिला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कशावरून? बारीक ती कधी नव्हतीच, चारचौघींसारखी दिसायची. बाहेरून दिसत होते ते तेवढे दात, आणि ते मी बुजवले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात — तर ती मूठ मी झाकली, मन लावून. मग एका सकाळी न्हाणीघरात पडली. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. सारखं ओकून ओकून उतरतं ते, मग हृदय चुकायला लागतं आणि थांबतं. एकतीस वर्षांची होती. दात उत्तम होते.

अशी बघू नको, मला काही होत नाही. बारा वर्षं झाली. सामानाची यादी वाचावी तसं सांगते मी हे — सांगते म्हणजे, सगळं सांगितलेलं नाही कुणाला, पण सांगितलं तर असंच सांगता येईल एवढं मला माहीत होतं. नंतर एकदा मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे गेले होते. मला वाटायचं धाकटीला बारीक व्हायचं होतं, तेवढंच. त्या म्हणाल्या, नेहमी तसं नसतं. मला विचारलं, दाताच्या आतल्या नसेला काय काय कळतं हो? मी म्हटलं, तिला कसलं कळतंय, तिला एकच भाषा येते. गार लावा, गरम लावा, गोड लावा, ती दुखतंय एवढंच म्हणते. बाई म्हणाल्या, फार भ्यालेल्या शरीराचं तसंच होतं. भीतीचं कारण निघून जातं, माणूस मोठा होतो, नोकरीला लागतो, पण शरीराला कुणी सांगत नाही की संपलं आता ते. मग शेजारी नुसती खुर्ची सरकली तरी पोटात गोळा येतो. तो बाहेर टाकला की अर्धा तास शांत वाटतं. त्या अर्ध्या तासासाठी असतं ते सगळं, आरशासाठी नसतं. — बरं. बरं, डोळे पुसते मी. तू मान हलवू नको.

मग त्या म्हणाल्या, भीती कसली होती? मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होती. आमचे बाबा जेवताना टेबलावर घड्याळ ठेवायचे. एक वाजता बसायचं, वीस मिनिटं. ओरडणं नाही, मारणं नाही, तसे शांत होते ते. ताटात उरलं तर तेच ताट रात्री समोर यायचं, गार. रात्री उरलं तर सकाळी. ज्याचं संपलं त्यानं उठायचं. मी सात मिनिटांत संपवायचे. धाकटी हळू खायची, घास तोंडात फिरत राहायचा तिच्या. एकदा तिला ताटातच उलटी झाली. बाबा म्हणाले, ताट बदलायचं नाही. माझं संपलं होतं. मी उठले, हात धुवायला गेले, नळ मोठा सोडला. बराच वेळ धुतले. परत आले तेव्हा वीस मिनिटं झाली होती आणि तिचं ताट रिकामं होतं. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी. आपलेच दात आपलेच ओठ, कुणी कुणाला बोलायचं — कुणी बोललं नाही, अजूनपर्यंत नाही. धाकटी नऊ वर्षांची होती, मी तेरा. मी बसून राहिले असते तर काय झालं असतं? काही नाही. बाबांनी काय केलं असतं मला, काहीच नाही. नुसतं बसायचं होतं शेजारी. मी रोज उठायचे.

बाईंनी मग भलतंच विचारलं — तुम्ही कधी जेवता? म्हटलं, एक वाजता. भूक कधी लागते? म्हटलं, एक वाजता. मला भूक कळत नाही गं. भाजलं, कापलं, सगळं कळतं, भूक कळत नाही. धाकटीला नेलं त्या दिवशीही एक वाजता मी ताट वाढून घेतलं, सात मिनिटांत संपवलं. लोक बघत होते. बाई म्हणाल्या, तिची भीतीची घंटा थांबत नव्हती, तुमच्या घंटेची तारच तुटलीय. पुढच्या आठवड्यात या. मी गेले नाही. पेशंट होते.

काढते. चूळ भर. हा घे रुमाल. आता ऐक, खालच्या मापाची गरज नव्हती. वरच्याचीही नव्हती. तुला बोलता येणार नाही अशी दहा मिनिटं मला हवी होती, कारण तू लिंबू म्हणाली असतीस आणि मी परत विश्वास ठेवला असता, मला सोपं पडतं ते. मी कॅप बसवणार नाही. आत्ता नाही. आधी हे थांबायला लागू दे, मग बसवीन, चांगल्या बसवीन. तुझ्या आईला मी काही सांगणार नाही, लहान नाहीस तू. पण कॅप का नाही म्हणून त्या विचारतील, तेव्हा तुला काहीतरी बोलावं लागेल. या कागदावर बाईंचा नंबर आहे, अजून बघतात त्या पेशंट. आणि हा रक्ताच्या तपासणीचा, पोटॅशियम बघायला, ती आजच करायची, उद्यावर नाही टाकायची. बोल. साचा नाहीये आता.

दातखीळ बसली? बसू दे. माझीही बसली होती.

— काय आहे, ताई? हो, ऐकलं, वाजला एक. डबा राहू दे. नको. नको म्हटलं ना. यांच्या आईंना सांगा, थोडा वेळ लागेल. आणि दार लावून घ्या.

तू बस. रडायचं तर रड, नाही तर नुसती बस. घाई नाही. मी उठत नाहीये.