तुडुमाचे खालचे बूच

मी वच्छला बाबुलाल शेंडे, वय ४८, धंदा मासेमारी व मजुरी, राहणार तलावाकाठचा ढिवर मोहल्ला. मयत बाबुलाल माझे पती. ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

आमच्या गावच्या तलावाला तुडुम आहे. पाणी सोडण्याच्या त्या दगडी वाटेला एकाखाली एक भोके असून प्रत्येकाला लाकडी बूच आहे. पाणी उतरेल तसे खालचे बूच काढतात. सर्वांत खालचे पावसाळ्यापर्यंत काढत नाहीत. ते पाणी माशांच्या बिजाईचे, म्हणजे पुढच्या सालासाठी राखलेल्या बीजमाशांचे, आणि ढोरांचे. मासेमारी सोसायटीतर्फे तुडुम माझे पती पाहत.

यंदा काहींनी उन्हाळी धान लावले. माझा मुलगा निकेश यानेही ठेक्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, लावले. पाणी सर्वांत खालच्या बुचापर्यंत उतरल्यावर समाजमंदिरात बैठक झाली. मी हजर होते. निकेश म्हणाला, "माह्यं धान पोटरीत हाये, बा, लोंब याले आलं. त्याले आता काय पाजू?" पती म्हणाले, "तुह्यं धान एका सालाचं. बिजाई मेली तं तलावच मेला." मोहल्ल्यातला झिंगू म्हणाला, "बापाचे मासे, पोराचं धान. घरीच भांडा ना भाऊ!" सगळे हसले. पतीही हसले. पाणी द्यायचे नाही असे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुडुमातून बांध्यांकडे जाणाऱ्या नहराला पाणी वाहत होते. पतींनी चहा घेतला नाही. निकेश झोपला होता. मी त्याला हाक मारणार तेव्हा पती म्हणाले, "उठवू नोको त्याले. झोपू दे."

बूच बसवायला दोन माणसे लागतात. एक पाण्यात उतरतो, दुसरा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्याच्या कमरेचा दोर धरतो. पती एकटे का गेले, शेजारी लालसूला हाक का मारली नाही, हे मला सांगता येत नाही.

पाण्याची ओढ ते नेहमी पायाने पाहत. लालसू ढोरे घेऊन गेला तेव्हा पाळीवर पतींचा दुपट्टा दिसला. पाण्याखाली पतींचा पाय भोकात अडकलेला होता. लोकांनी त्यांना बाहेर काढले व तेच बूच बसवले. तोवर बांध्या भरल्या होत्या. काठाच्या चिखलात मासे होते. ते कोणी वेचले नाहीत.

त्या सकाळी पती आमच्या पडवीतून तेच बूच, ओले, नेताना लालसूने पाहिले, असे मला सांगण्यात आले. तलावाचे सामान आमच्याच घरी असते.

निकेशचे धान चांगले आहे. तो बांधीवर जात नाही. जेवत नाही.

माझा कोणावर संशय नाही.

जबाब मला वाचून दाखवला. "निकेश झोपला होता" हे वाक्य मी पुन्हा वाचायला लावले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा दिला.