आरशाच्या खाली

चाकणला पीयूसीच्या रांगेत ट्रेलरचा ड्रायव्हर पुढच्या लाल गाडीच्या मालकाशी बोलत होता.

“साहेब, एवढी बुटकी गाडी कुठली?”

“जपानची, काका. स्पोर्ट्स कार. सेकंडहँड घेतली.”

“हौसेला?”

“नाही हो, रोज चिंचवडहून कंपनीत येतो हिच्यातून.”

“रोज? ह्याच रोडनं? नका येत जाऊ.”

“का? ब्रेक एकदम भारी आहेत हिचे.”

“असतील. पण आमच्या केबिनमधून डाव्या अंगाला ही दिसतच न्हाई.”

“आरसे असतात ना तुम्हाला?”

“आरशातबी न्हाई. मागल्या वर्षी अशीच एक होती, पांढरी.”

“मग?”

“चाकाखाली धडधडलं. मला वाटलं, खड्डा हाय. रोडला शिव्या देत तसाच पुढं गेलो.”