कॅशेटमधली बायजाआत्या

गाणं काय, फुकटच मिळतं, असं म्हणता ना? मग माझ्या हळदीला काय झालं ते ऐका.

आमच्या वैशाखरे गावात हळदीत धवलारीण गाते, म्हणजे आमची बायजाआत्या. नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफते, आणि तिचा मान म्हणून लुगडं, नारळ नि सूपभर तांदूळ द्यायचे. पण नामाकाका म्हणाले, "बायजाआत्याला कशाला बोलवता? किन्हवलीच्या लग्नातली तिचीच कॅशेट बाजारात मिळते. आवाज तोच!"

टेप लागला. अंगाला ओली हळद, माझे डोळे मिटलेले. विहिरीच्या तळातून यावा तसा आत्याचा आवाज येत होता आणि मी त्यावर तरंगत होते. तेवढ्यात तो आवाज गायला, मंदा नवरी हळदीला बसली. मला वाटलं, असेन, मी मंदाच असेन. वाईटसुद्धा वाटेना!

आई मात्र ओरडली, "बंद कर रे ते! पोर माझी नि हळद मंदाला लागते!"

काका धावत जाऊन आत्याला घेऊन आले. तिने आधी टेप पुन्हा लावायला सांगितला. हरवलेली बहीण भेटावी तशी ऐकत राहिली. मग माझ्या नावाने गायली. आईने लुगडं, नारळ, तांदूळ पुढे ठेवले.

"एकच सूप?" आत्या म्हणाली.

"मग किती?" काका चिडले.

आत्याने टेपावर हात ठेवला. "ही तर गावोगाव गाते रे नामा. हिला अजून कोनी नारळबी दिला नाय."