खोडलेला गण

‘तुमच्या शाहीर वडिलांची वही नाटकासाठी द्याल का?’ करुणाच्या या पत्राला साहेबरावांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. पहिल्याच पानावरची खाडाखोड पाहून लोक हसतील, असं त्यांना वाटे.

एकदा ते इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसले होते. त्यांच्या पाठीमागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“करुणे, वही न्हाय आली तर गं?”

“नुसती ढोलकी वाजवू.”

“लोक म्हणतील, गाणं इसरल्या!”

“म्हणू देत. आजा सांगायचा, छप्पन साली धम्म घेतला आन् शाहिरांनी गणपतीचा गण खोडून त्याच चालीवर बुद्धवंदना लिहिली.”

“मग वंदना गायची?”

“व्हय. पण आधी ते खोडलेलं पान दाखवायचं. तितंच आपलं नाटक सुरू हुतं.”

साहेबरावांना मागं वळून बघायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बावड्याच्या पोस्टातून वही पाठवली. सोबत एकच ओळ लिहिली: ‘पहिलं पान जपा.’