निळ्या गळ्याचा पाहुणा

दातांच्या डॉक्टरकडं गाल धरून बसलो होतो. शेजारी नवरा-बायको. नवऱ्याचा गाल सुजून भोपळा झालेला, तरी तोंड चालूच.

“नीट सांग, कसा होता?”

“एवढुसा. गळा निळा, मधे तांबडा ठिपका. शेपटी सारखी उडवत होता.”

“अगं तोच तो! सात हिवाळे मी तळ्यावर चिखलात बसतोय त्याच्यासाठी. कुठं दिसला?”

“आपल्या मागच्या मोरीपाशी. रोज सकाळी येतो.”

“रोज? आणि मला आज सांगतेस?”

“सकाळी तुम्ही घरी असता कुठं? तळ्यावर असता.”

“बरं, कुणाला बोलू नकोस. आधी मी बघतो, मग पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो.”

“मी टाकला की फोटो. पत्त्यासकट.”

“माझ्या नावानं?”

“तुमच्या का? मी बघितला. तुमचे ते दाढीवाले मित्र तर येऊन बसलेत मागच्या दारात. आई त्यांना चहा देतायत.”

“तो दाढीवाला माझ्याआधी बघणार? माझ्या मोरीत? ऊठ, चल घरी!”

“आणि दाढ? रात्रभर कण्हत होता. मला डोळा लागू दिला नाहीत.”

“दाढ सोसेन मी.”

“मी नाही सोसणार. गुपचूप बसा.”

तेवढ्यात नंबर पुकारणारी मुलगी बाहेर आली.

“काका, डॉक्टरांना उशीर होईल हं. कुणाच्या तरी मोरीपाशी निळ्या गळ्याचा पक्षी आलाय म्हणे. दुर्बीण घेऊन पळाले.”

“चला हो मग घरी. दाढही तिथंच दाखवा.”