उपाशीपोटी तपासणी

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज दवाखान्याचा निरोप घेणाऱ्या आपल्या आहारताई, आणि समोर बसलेले माझे साखरवाले भाऊबहीण, सर्वांना नमस्कार. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाच मिनिटं दिली आहेत. सहा झाली तर कृपा करून बेल वाजवू नका, मी घाबरतो.

ताईंच्या वर्गात मी आणि माझी बायको मिळून यायचो. किती खायचं, किती चालायचं, सगळं ताईंनी शिकवलं. ही म्हणायची, "चाळीस वर्षांत कधी माझ्याबरोबर चाललात? ताईंनी चालवलं तुम्हाला." खरं होतं ते.

वर्गाचा खर्च सरकारी विम्यातून व्हायचा. दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि साखर आटोक्यात आली की नाव कमी. बरं झालेल्याला वर्ग कशाला? पण बरं राहायला तोच लागतो, हे कुणाला सांगणार? हिची साखर उतरत आली आणि मला धास्ती बसली. पुढच्या तपासणीच्या सकाळी मी हिला गोड चहा करून दिला आणि खिडकीवर सांगितलं, उपाशीपोटी आहे. आकडा चढला, नाव राहिलं. आम्ही हसत घरी आलो. त्याच्या पुढच्या वेळीही तेच केलं. इथे बरेच जण खाली बघताहेत. बघू नका, मी कुणाचं नाव घेणार नाही.

डॉक्टरसाहेब, ते आकडे बघून तुम्ही गोळी वाढवलीत. तुमचं काय चुकलं? ही म्हणाली, "अहो, सांगून टाकू या का?" मी म्हणालो, गप्प बस, नाव जाईल. वाढीव गोळीच्या आठव्या दिवशी साखर एकदम खाली गेली आणि ही न्हाणीघरात पडली. उठलीच नाही.

ताई, तुम्ही घरी येऊन रडलात. "काका, मी कमी पडले," म्हणालात. मी पाणी दिलं, पण तोंड उघडलं नाही. आता विमा कार्यालयानं आमचेच आकडे बघून ठरवलं, या वर्गाचा गुण येत नाही, बंद करा.

ताई, गुण आला होता. हिला तर पुरता आला होता. अध्यक्षसाहेब, हे विमा कार्यालयाला लिहून कळवा, खाली मी सही करतो.

एवढं ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर क्षमा करा. बाकीची क्षमा तुमच्याकडे मागत नाही. ती करायला ही हवी होती.